दर्यापूरचा प्लेअर

शकूरभाई कोणताही जुना डिस्क प्लेअर विकत घेण्याआधी त्याला कान लावून ऐकत. मशीन सुरू करायला सांगत, आत एखादी डिस्क टाकत, मग जमिनीवर बसून उजवा कान पत्र्यावर टेकवत आणि डोळे मिटत. मशीनचा मालक शेजारी अवघडून उभा राही. मिनिटभराने डोळे उघडून ते निकाल सांगत. "मोटर चांगली हाय. लेन्स थकली. दीड वर्ष चालन, मंग रडवन." आणि तसंच होई.

अकोल्यात कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं टिनाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खाट मावेल एवढी जागा. दोन्ही बाजूंना जुने प्लेअर, स्पीकर, रिमोट, वायरींची भेंडोळी. मागच्या भिंतीवर मात्र एक मोठा, पातळ, नवा टीव्ही टांगलेला, त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद. दुकानातली तेवढी एकच वस्तू विकायची नव्हती. आलेलं मशीन त्यावर लावून ते चित्राची पारख करत. कोणी किंमत विचारली की म्हणत, "आँख विकते का कोणी?"

मी अमरावतीच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. प्रात्यक्षिक परीक्षेचा परीक्षक म्हणून अकोल्याला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका प्राध्यापकांनी मला त्यांच्याकडे नेलं. आमचे पगार नुकतेच वाढले होते. मी घरी मोठा टीव्ही घेतला होता आणि त्यावर डोंगर, नद्या, जंगलं अगदी स्वच्छ दिसावीत म्हणून मला ब्लू-रे प्लेअर हवा होता. ते मशीन तेव्हा नवीन होतं. अमरावतीच्या शोरूममधली किंमत ऐकून माझी बायको शुभा म्हणाली होती, "एवढ्यात फ्रीज येतो."

शकूरभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शोरूममंधी तुमी मशीन घेत नाही सर, काच अन् एसी घेता. चार महिने थांबसान काय?"

"चार महिने?"

"दिवाळीच्या आधी घेणारा येडा. दिवाळी झाल्यावर लोक पस्तावते, तवा घ्यायचं. अन् दुबईहून आणलेलं कोणी स्वस्तात देत असन तर नोको. त्या मशीनचा मुलूख येगळा. आपली डिस्क टाकली का तोंड फिरवते."

त्यांची बोलण्याची रीत अशी होती. वय साठीच्या आसपास, अंगात नेहमी खिशांचा खादीचा सदरा, एका खिशात स्क्रू पिळायचा पेचकस, दुसऱ्यात लेन्स पुसायचा मऊ कपडा. बायको नफिसाभाभी वारल्यापासून एकटेच राहत. एक मुलगी होती, ती खामगावला दिलेली. मी त्यांना दर पंधरा दिवसांनी फोन करी आणि ते दर वेळी मला आणखी थांबायला लावत. एकदा एका डॉक्टरांच्या घरचा प्लेअर आला होता, जवळजवळ नवा, किंमतही बरी. मी पैसे घेऊन निघणार तोच त्यांचा फोन आला. "येऊ नोका सर. कान लावला तर आत झुरळं चालून राहिले. डॉक्टरचं घर हाय, कोणाले सांगू बी शकत नाही." त्यात त्यांचं कमिशन बुडालं होतं, पण ते स्वतःशीच हसत होते.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कपाशी गेली, सोयाबीन गेलं, पुन्हा कपाशी गेली. रोजच्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावी शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या असत. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही त्या वाचत असू आणि पान उलटत असू. मी हे कौतुकाने सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

होळी होऊन आठवडा झाला असेल. शकूरभाई अचानक आमच्या घरी आले. अकोल्याहून एसटीने, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं गाठोडं घेऊन. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चादर सोडली तर आत जपानी कंपनीचा काळा कुळकुळीत ब्लू-रे प्लेअर, ओरखडासुद्धा नाही.

"असा सौदा जिंदगीत एकदा होते सर. शोरूमच्या तिसऱ्या हिश्श्यात! दर्यापूरचा मंगेश म्हणून पोरगा हाय, लग्नाची शूटिंग करते. गिऱ्हाइकाले नमुना दाखवाले यानं हे मशीन घेतलं होतं. मी आपला उगीच कमी बोललो, म्हटलं चढवन, मंग मी थोडा चढन. तर हो म्हणाला! एका बोलात. वरून सहा डिस्क फुकट देल्या."

शुभाने त्यांना जेवायला वाढलं. जेवताना दोनदा उठून त्यांनी मशीनवर हात फिरवला. मी सांगितलेलं कमिशन त्यांनी घेतलं, पण त्यातूनही थोडं परत दिलं. "एवढं नोको. सौद्यानंच पोट भरलं."

रविवारी मी एकेक डिस्क लावून पाहू लागलो. पाच सिनेमांच्या होत्या. सहावीवर काही लिहिलेलं नव्हतं. ती लावली तर लग्नाचे तुकडे दिसू लागले. मेंदीचे हात, मंडपाच्या झालरी, नवरदेवाच्या कपाळावरचा घाम. चित्र इतकं स्वच्छ होतं की अक्षतांचा दाणा न् दाणा मोजता आला असता. मग लग्नं संपली आणि एका घराचं अंगण दिसलं. एक बाई तीन-चार वर्षांच्या मुलीला वरणभात भरवत होती. कॅमेऱ्यामागून पुरुषाचा आवाज आला, "गुड्डे, इकडं पाय. पप्पाले टाटा कर." मुलीने उष्टा हात हलवला. त्यानंतर कॅमेरा कशावर तरी ठेवल्यासारखा हलला आणि तो माणूसच समोर येऊन बसला, मुलीला मांडीवर घेऊन. तिशीचा असेल. हनुवटीवर दाढी करताना लागल्याची ताजी खूण होती. तो कॅमेऱ्याकडे पाहत राहिला. मुलगी त्याच्या शर्टाचं बटण फिरवत होती. बऱ्याच वेळाने तो किंचित हसला, उठला, आणि चित्र बंद झालं.

मला वाटलं, चुकून आली असेल. मी शकूरभाईंना फोन लावला आणि म्हणालो, "त्या मुलाची घरची डिस्क माझ्याकडे आली आहे. पोस्टाने पाठवू का?"

"घरची म्हंजे?"

मी सांगितलं.

"बायको-पोट्टीची डिस्क कोणी फुकटात देते काय सर?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं, "अन् लग्नाचा सीजन तोंडावर आला असताना शूटिंगवाला मशीन काहून विकन? हे मले सौदा करताना सुचलंच नाही."

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याहून आले, मी अमरावतीहून गेलो, आणि आम्ही दर्यापूरच्या स्टँडवर भेटलो. मंगेशचं दुकान बाजारपेठेतच होतं. तो आत एकटा बसला होता. भिंतीवर जिथे फोटो आणि फळ्या होत्या तिथले चौकोन फिकट राहिले होते. दिव्यांची स्टँडं नव्हती, कॅमेरा नव्हता. एक टेबल आणि दोन खुर्च्या.

आम्हाला पाहून तो मोठ्याने हसला. "या चाचा! मशीन बिघडलं काय?"

"मशीनले काही झालं नाही. तुझा कॅमेरा कोठी हाय?"

"काढून टाकला. जुनं सगळं काढून टाकलं चाचा. आता सगळं नवं घेऊन राहिलो. आता सामूहिक लग्नं सुरू झाले, पन्नास जोडप्याले एक कॅमेरा पुरते. धंदाच बदलाव लागते."

शकूरभाईंनी डिस्क त्याच्यापुढे ठेवली. "पोट्टीची डिस्क आली होती."

त्याने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, टेबलावर ठेवली. "हे होय? घरी कॉपी हाय नं." मग चहा मागवला. एका लग्नात नवरदेवाचा फेटा बकरीने खाल्ला होता, ती गोष्ट सांगितली. आम्ही हसलो. तो गोष्ट चांगली सांगत होता.

चहा झाल्यावर शकूरभाई म्हणाले, "मंगेश, मशीन वापस पाहिजे असन तर बोल. पैशाचं मंग पाहू. सरचं काही म्हणणं नाही."

मी होकारार्थी मान हलवली. किती जोरात हलवली, ते मलाच माहीत.

"नाही चाचा," मंगेश म्हणाला. "झालेला व्यवहार फिरवू नाही."

तो आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आला. मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या जीपमध्ये शकूरभाईंना पुढची जागा मिळावी म्हणून ड्रायव्हरशी भांडला. जीप सुटायच्या आधी शकूरभाईंनी मला खिडकीजवळ बोलावलं.

"हसला नं सर?"

"हसला की. चांगला हसला."

"मंग ठीक हाय."

संध्याकाळी अकोल्याहून त्यांनी फोन करून तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

त्यानंतर पंधरा दिवसही गेले नसतील. दुपारी दारात शकूरभाई उभे होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत, पायरीवर बसले. शुभाने पाणी आणलं, ते तांब्या हातात धरून राहिले.

"मंगेश गेला सर."

"कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. "स्वतःच्या हातानं," ते म्हणाले. "चार दिवस झाले. दुकानातच. मी काल जाऊन आलो. बायकोचं नाव अर्चना हाय. तिच्याजवळ ते डिस्क हाय सर, आपण देली होती तीच. कॉपी-बिपी काही नव्हती. तिनं शेजारच्या प्लेअरमंधी टाकली तर चालत नाही. ते साध्या मशीनमंधी लागतच नाही. पोट्टी म्हणते, पप्पा चकतीत हाये अन् बाहेर येऊन नाही राहिले." त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. "मशीन द्या सर."

मी त्या वेळी जे बोललो ते इथे लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "साध्या डिस्कवर कॉपी करून देता येईल ना? अकोल्यात कुणीही करून देईल."

"होते सर. देईन करून. पण थोडं अंधुक होते त्याच्यात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्यानं जसं काढलं तसं तिले एक डाव पाहू द्या."

मी काही म्हणायच्या आत शुभा आत गेली. तिने टीव्हीच्या मागच्या वायरी काढल्या, प्लेअर बाहेर आणला आणि आमच्या बेडवरची चादर ओढून त्यात गुंडाळला. मला म्हणाली, "तुम्हीपण जा."

मंगेशचं घर गावाच्या कडेला होतं, दोन खोल्यांचं. अर्चना दारातून बाजूला झाली. सासू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निजली होती. टीव्ही जुना, डब्यासारखा होता. मोठा टीव्ही मंगेशने आधीच विकून टाकला होता. शकूरभाई वायरी जोडू लागले. त्यांचे हात सफाईने चालत होते, पण मध्येच ते थांबले आणि त्यांनी टीव्हीच्या मागे पाहिलं. नव्या मशीनचं स्वच्छ चित्र घेणारी जागाच त्या टीव्हीला नव्हती. साधी, तीन रंगांची वायर लावावी लागली. चित्र आलं ते पुसट, कडा विरघळलेलं. मंगेश समोर येऊन बसला तरी त्याचे डोळे नीट दिसेनात.

अर्चना पाहत होती. ती म्हणाली, "हे तर साध्यासारखंच हाय चाचा. थे म्हणत होते, याच्यात सगळं दिसते म्हणून."

"दिसते बेटी," शकूरभाई म्हणाले. "टीव्हीचा दोष हाय. मले रविवारपर्यंत टाइम दे."

रविवारी मी पुन्हा गेलो. शकूरभाई आधीच आले होते. दुकानातला तो टीव्ही त्यांनी अकोल्याहून टेम्पोतून आणला होता, चार गाद्यांच्या मध्ये ठेवून. स्वतःच भिंतीत छिद्रं पाडली, स्वतःच टांगला. प्लास्टिकचा कागद पहिल्यांदाच काढला असावा, कारण काचेवर बोटाचा एकही ठसा नव्हता.

डिस्क सुरू झाली. लग्नं गेली, अंगण आलं, वरणभात आला. गुड्डीला भरवणाऱ्या स्वतःकडे अर्चना ओळखीचं कोणी पाहावं तशी पाहत होती. मग मंगेश आला. या वेळी सगळं दिसलं. पापण्या दिसल्या, शर्टाच्या कॉलरचा उसवलेला दोरा दिसला. गुड्डी उठून टीव्हीजवळ गेली आणि तिने त्याच्या हनुवटीवर बोट ठेवलं.

"पप्पाले लागलं," ती म्हणाली.

डिस्क संपली. अर्चना रडली नाही. ती म्हणाली, "हे काढलं त्या दिवशी सकाळीच दाढी केली होती. मी म्हटलं, कुठी जाऊन राहिले? तर म्हणे, कुठीच नाही."

शकूरभाई उठून अंगणात गेले. मी बाहेर आलो तेव्हा ते नळाखाली तोंड धूत होते, आणि तोंड धुवून झाल्यावरही त्यांनी नळ बराच वेळ बंद केला नाही.

टीव्ही आणि प्लेअर तिथेच राहिले. मी शकूरभाईंना दुसरा टीव्ही घेऊन देतो म्हटलं, तर त्यांनी विषयच बदलला. परतताना जीपची वाट पाहत उभे होतो तेव्हा ते म्हणाले, "ज्याले जगायचं असते नं सर, थो माणूस भाव करते. पन्नास रुपयासाठी बी भांडते. चाळीस वर्ष मी लोकाशी भांडून राहिलो, मले हे मालूम पाहिजे होतं. मंगेशनं भाव केला नाही. अन् मी खुश झालो."

त्यानंतर त्यांची खरेदीची रीत बदलली. कोणी प्लेअर विकायला आणला की मशीन बाजूला ठेवून ते आधी माणसाला बसवत. काहून विकून राहिला? घरी कोण कोण हाय? जेवण झालं काय? लोक वैतागत. चांदूर बाजारची एक बाई सरळ म्हणाली, "तुले घ्यायचं असन तर घे, माह्या घरची पंचाईत करू नोको." तिवस्याच्या एका शिक्षकाला सगळंच सामान विकायचं होतं. विनाअनुदानित शाळा, कित्येक वर्षं पगार नाही. शकूरभाई दिवसभर त्याच्या घरी बसून राहिले, त्याचा साळा येईपर्यंत हलले नाहीत. नंतर कळलं की त्याला पुण्याला नोकरी लागली होती आणि तो सामान हलवण्याचा खर्च वाचवत होता. गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना हसायला झाली. "शकूरमामू सौदा नाही करत, जबानी घेते," असं लोक म्हणू लागले. ते स्वतःही हसत. पण पुढच्या माणसाला पुन्हा बसवत.

अशाने धंदा टिकत नाही. भाव न करणाऱ्या माणसाचं मशीन ते घेतच नसत, आणि दुकानात आता टीव्ही नव्हता, त्यामुळे गिऱ्हाइकाला चित्र दाखवता येत नसे. त्यातच डिस्क मागे पडल्या. लोक बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये सिनेमे घेऊन फिरू लागले. शकूरभाई रिमोट दुरुस्त करत बसत. मी अकोल्याला गेलो की चक्कर मारी. मी पुन्हा ब्लू-रे घेतला नाही आणि त्यांनीही कधी सुचवलं नाही.

काही वर्षांनी त्यांनी दुकान बंद केलं. दम लागू लागला होता आणि खामगावची मुलगी न्यायला आली होती. निघण्याच्या दिवशी मी गेलो, तेव्हा ते रिकाम्या दुकानात उभे राहून भिंतीतले खिळे उपटत होते. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बोलण्यासारखं फारसं नव्हतं, म्हणून मी विचारलं, "दर्यापूरला जाणं होतं का?"

"जात होतो. ईदले जाय, दिवाळीले जाय. अर्चना अंगणवाडीत लागली. पोट्टी चौथीत हाय." ते खिळे एका कागदात बांधू लागले. "आता दोन वर्ष झाले, जात नाही."

"का?"

"मी गेलो का पोट्टी धावत येते सर. हात धरून घराघरात नेते. सांगते, हेच ते चाचा, ज्याइनं पप्पाले घरी आणलं." त्यांनी पुडीला दोरा गुंडाळला, गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "मोठी झाली का कोणी ना कोणी तिले सांगनच नं, का पहिले नेलं बी यानंच."

त्यांनी नेलं ते माझ्यासाठी. मशीन माझ्या दिवाणखान्यात होतं, आणि ते परत मागायला आले तेव्हा मी कॉपीचं विचारलं होतं. हे मी त्यांना त्या दिवशी म्हणायला हवं होतं. तेवढ्यात मुलगी ऑटो घेऊन आली. सामान चढवायला मी हात लावला. ते मागच्या सीटवर बसले, पुडी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "या कधी खामगावले."

मी येतो म्हणालो. गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा दफन होऊन तीन दिवस झाले होते.